धावण्याआधी फाइल उघडा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते, पण तिची नावनोंदणी कित्येक महिने आधीच सुरू होते. कर्करोगाचे उपचार संपून वर्ष-दीड वर्ष झालेल्या कुणाच्या तरी मनात नेमकं तेव्हा येतं, की आपणही धावावं आणि त्या निमित्ताने आपल्या पडत्या काळात मदतीला आलेल्या संस्थेसाठी चार पैसे उभे करावेत. विचार उत्तम आहे. मात्र त्यानंतरचं पहिलं पाऊल बहुतेकदा वाकडं पडतं. मोबाइलवर ‘सोळा आठवड्यांत अर्धमॅरेथॉन’ असा एखादा तक्ता शोधला जातो आणि सोमवारपासून सुरुवात होते. तो तक्ता ज्याच्यासाठी बनवलेला असतो, त्याच्या शिरांतून किमो गेलेली नसते आणि त्याच्या काखेतल्या गाठी काढलेल्या नसतात. उपचार झालेल्या माणसाने सरावाचं वेळापत्रक रुग्णालयाची जाडजूड फाइल समोर ठेवून आखावं. किती अंतर धावायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. देणगीचा तर अंतराशी फारसा संबंधच नसतो.

‘आराम करा’ पासून ‘चालायला लागा’ पर्यंत

एक काळ असा होता की कर्करोगाच्या रुग्णाला घरातले पाण्याचा तांब्याही उचलू देत नसत, आणि डॉक्टरांचाही त्याला विरोध नसे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूच्या हाताने वजन उचलायचं नाही, हा तर जवळजवळ धर्मनियम होता. २००९ साली अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन बेताबेताने वाढवत नेलं तर सूज बळावत नाही, उलट त्रास कमी होतो, असं त्यात दिसलं. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या मंडळाने उपचार घेणाऱ्यांनी आणि घेतलेल्यांनीही बसून राहू नये, अशी स्पष्ट शिफारस केली. २०१९ साली ती आणखी नेमकी झाली: आठवड्यातून तीनदा निदान अर्धा तास दम लागेल असा व्यायाम, आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा.

सगळ्यात वजनदार पुरावा २०२५ मध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला गेला, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी व्यायामाच्या गटातले ८०.३ टक्के लोक आजार न उलटता जगत होते, दुसऱ्या गटातले ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९०.३ आणि ८३.२ टक्के होतं.

ही बातमी वाचून धावण्याचे बूट घ्यायला निघालेल्यांनी एक तपशील ध्यानात घ्यावा. त्या रुग्णांपैकी अनेकांचा व्यायाम म्हणजे भरभर चालणं होता, आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास ते तासभर. मॅरेथॉन हे कर्करोगावरचं औषध नाही, आणि तसा दावा कुणी केला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. त्याच अभ्यासात व्यायाम करणाऱ्यांमध्ये सांधे-स्नायूंच्या तक्रारीही जास्त निघाल्या, १८.५ टक्के, दुसऱ्या गटात त्या ११.५ टक्के होत्या. म्हणजे औषध चालण्यातच मिळून जातं. त्यापुढचं धावणं आपल्या हौसेचं, आणि हौस काही कमी महत्त्वाची नसते. फक्त तिचा हिशेब वेगळा ठेवायचा.

फाइलमध्ये काय शोधायचं

उपचार संपताना मिळालेला सारांश, किमोची यादी, रेडिएशनचा कागद आणि शस्त्रक्रियेची टिपणी एवढं काढून बसा. औषधांची नावं वाचता आली नाहीत तर पुढच्या फॉलो-अपला डॉक्टरांना थेट विचारा: ‘मला धावायचंय. यातल्या कशाने अडचण येईल?’ ‘व्यायाम करू का?’ या प्रश्नाला ‘हो, करा’ एवढंच उत्तर मिळतं. धावणार म्हटलं की डॉक्टर मान वर करून बघतात.

पहिलं हृदय. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं (रुग्णांच्या बोलण्यातली ‘लाल किमो’) हृदयाचा स्नायू कमकुवत करू शकतात, आणि तो परिणाम कधीकधी बऱ्याच वर्षांनी उघड होतो. स्तनाच्या काही कर्करोगांत देतात त्या ट्रास्टुझुमॅबनेही हृदयावर ताण येतो. डाव्या बाजूला किंवा छातीच्या मध्यभागी रेडिएशन घेतलं असेल तर तेही यात धरायचं. यांपैकी काहीही झालं असेल तर धावण्याआधी टू-डी इको नव्याने करून घ्या. उपचारांच्या वेळचा जुना चालणार नाही. जिना चढताना अचानक जास्त धाप लागणं, पायांवर सूज, रात्री आडवं झाल्यावर गुदमरणं, यातलं काही असेल तर सराव तिथेच थांबवायचा. ब्लिओमायसिन घेतलेल्यांनी फुप्फुसांची तपासणीही करून घ्यावी. वृषणाचा कर्करोग आणि हॉजकिन लिम्फोमा यांच्या उपचारांत ते विशेष वापरलं जातं.

मग नसा. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन या औषधांनी तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात. धावणाऱ्यासाठी ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. बुटात खडा गेलेला कळत नाही, फोड फुटलेला कळत नाही, आणि पाऊल कुठे पडतंय याचा अंदाज चुकतो. डोळे मिटून एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का ते भिंतीजवळ उभं राहून पाहा. येत नसेल तर आधी तोल सांभाळण्याचे व्यायाम, मग धावणं. बूट अर्ध्या मापाने मोठा, मोजे विनाशिवणीचे, रोज रात्री तळपायाची आरशात पाहणी, आणि पहाटेच्या अंधारात उखडलेल्या रस्त्यावर धावणं अजिबात नाही.

आता एका मोठ्या गटाविषयी, ज्याचा धावण्यावरच्या लेखनात सहसा उल्लेखच नसतो. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे, आणि धावण्याबद्दलचा बहुतेक मजकूर येतो पाश्चात्त्य देशांतून, जिथे चित्र वेगळं आहे. जबड्याचं हाड काढावं लागलं तर बरेचदा पायातलं बारीक हाड, फिब्युला, काढून तिथे बसवतात. रुग्णाचं सगळं लक्ष तोंडाकडे असतं, पण धावायला लागल्यावर घोट्याची आणि अंगठ्याची ताकद कमी झाल्याचं जाणवतं. असा पाय फिजिओथेरपिस्टकडून तयार करून घेतल्याशिवाय धावू नये. मानेतल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावली असेल तर खांदा खाली उतरतो, हात नीट हलत नाही आणि काही किलोमीटरांनंतर पाठ भरून येते. रेडिएशनने लाळ आटलेली असते, त्यामुळे तोंडाने श्वास घेत धावणं म्हणजे शिक्षा. आणि मानेला ‘लाइट’ (रेडिएशन) घेतलेल्या प्रत्येकाने थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने करायला हवी. थायरॉइड मंदावल्याचा थकवा ‘सराव जास्त झाला’ म्हणून सहज खपून जातो.

स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी हाताची सूज हा मुख्य मुद्दा. लांब अंतर धावताना हात खाली लोंबकळत राहिला की सूज वाढू शकते. अंगठी-बांगड्या घरी ठेवाव्यात, मधूनमधून मूठ उघडझाप करावी, आणि दाबाची बाही लागते का हे फिजिओथेरपिस्टला विचारावं. ब्राच्या आतलं सिलिकॉनचं प्रोस्थेसिस धावताना जड होतं आणि सरकतं. हलकं, कापडी किंवा विणलेलं प्रोस्थेसिस सरावासाठी बरं पडतं. व्रणाच्या कडेला आणि रेडिएशन घेतलेल्या त्वचेवर घर्षणाने साल निघते, तिथे व्हॅसलिन हवंच. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे आखडतात. नियमित व्यायामाने हे दुखणं कमी होतं असं दिसून आलंय, पण त्याच गोळ्या हाडंही विरळ करतात. म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आधी करून घ्यावी. प्रोस्टेटसाठी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं घेणाऱ्या पुरुषांनाही हेच लागू.

पोटाच्या शस्त्रक्रियांचं थोडक्यात: स्टोमा (पोटावर काढलेलं शौचाचं तोंड) असला तरी धावता येतं, पण लहान आतड्याचा असेल तर मीठ आणि पाणी झपाट्याने जातं, आणि पोटाचे स्नायू कमकुवत असतील तर हर्नियाची भीती. प्रोस्टेट किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा कमी झाला असेल तर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम सरावाइतकेच गंभीरपणे करावेत. लाजून गप्प बसणारे बरेच जण या एकाच कारणाने धावणं सोडतात.

हाडांत आजार पसरला असेल तर धावण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये, वाचून तर नाहीच. चालणं, पोहणं, बसून करायचे व्यायाम यांतून काय करता येईल ते डॉक्टर ठरवतील.

पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत

जुलैत सुरुवात केली तर हाताशी सहा महिने असतात. शिवाजी पार्क, गावाबाहेरचा डांबरी रस्ता, जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान, जागा कुठलीही चालेल. सपाट आणि उजेडाची हवी.

पहिला दीड महिना धावायचंच नाही. आठवड्यातून चार दिवस अर्धा तास भरभर चालायचं, दोन दिवस खुर्चीवरून उठ-बस, पायरी चढ-उतार, भिंतीला टेकून जोर असे ताकदीचे व्यायाम. हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका हाच गाळला जातो. उपचारांदरम्यान आणि स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू झडलेले असतात. ते भरून येण्याआधी धावलं तर सगळा भार गुडघ्यांवर जातो.

ऑगस्टच्या मध्यापासून एक मिनिट धावणं, तीन मिनिटं चालणं. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. तिला कमी लेखणारे धावपटू आपल्याकडे खूप आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. चालण्याच्या मिनिटांमुळे हृदयाची गती खाली येते, दम परततो, पाय तपासता येतात. नवरात्रापर्यंत दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं इथवर पोचलात तर छान. वेग मोजायचा घड्याळावर नाही, बोलण्यावर: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. किमोनंतर किंवा हृदयाच्या गोळ्यांवर असताना घड्याळातल्या नाडीच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

सर्वसाधारण तक्त्यात तीन आठवडे अंतर वाढवून चौथ्या आठवड्यात कमी करतात. इथे दोन वाढवून तिसऱ्यात कमी करा. ऑक्टोबरच्या उन्हात अंतर वाढवायचा हट्ट नको. दिवाळीच्या आठवड्यात फराळ खा आणि फक्त चाला. नोव्हेंबर ते जानेवारी मुंबईची हवा अनेक दिवस धुरकट असते. अशा दिवशी, विशेषतः फुप्फुसांना उपचारांचा फटका बसलेल्यांनी, घरातच व्यायाम करावा.

आणि स्कॅनचा आठवडा वेळापत्रकातून आधीच कोरा सोडून ठेवा. तपासणीच्या आधी झोप उडते, भूक जाते. त्या दिवसांत लांब पल्ला धावून मन शांत करू पाहणाऱ्याला दुखापत हमखास होते.

थकवा आणि दुखणं ओळखणं

धावल्यावरचा थकवा झोपेने उतरतो. उपचारांचा थकवा झोपून उठल्यावरही तसाच असतो, डोकं जड, पाय ओढल्यासारखे. हलका व्यायाम हा त्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, जास्त व्यायाम नाही. सरावाच्या दुसऱ्या दिवशी रोजची कामं उरकणं जड गेलं तर पुढची खेप अर्धी करा. आठवडाभरात फरक पडला नाही तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा.

दुखण्याचं अधिक अवघड. प्रत्येक ठणक्याला ‘परत आला की काय’ असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि प्रत्येक ठणका ‘धावण्यामुळे’ म्हणून झटकून टाकणंही तितकंच धोक्याचं. ठोकताळा असा: स्नायूंचं दुखणं दोन-तीन दिवसांत ओसरतं. एकाच जागी हाडात दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, दोन आठवडे न हटणारं दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. शर्यत पंधरा दिवसांवर आली असली तरी.

खाणं, पाणी, गोळ्या

महागड्या पावडरींची गरज नाही. अंडी, दही, उसळी, मासे, घट्ट वरण यांतून प्रथिनं मिळतात. कोरड्या तोंडाच्या धावपटूला बाजारातली चिकट जेल घशाखाली उतरत नाही. त्याच्यासाठी नाचणीचं पातळ आंबील किंवा मीठ-साखरेचं पाणी बरं. मात्र एक मेख आहे. लाळ आटलेल्याला सतत तहान लागल्यासारखं वाटतं, ती खरी तहान नसते. शर्यतीच्या वाटेतल्या प्रत्येक टेबलावर पेलाभर पाणी पीत गेलं तर रक्तातलं सोडियम घसरून माणूस भोवळून पडू शकतो. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, बराचसा थुंकायचा.

धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची चाल वाईटच. सिस्प्लॅटिन घेतलेल्यांच्या मूत्रपिंडांना आधीच मार बसलेला असतो. त्यावर घाम, कमी पाणी आणि डायक्लोफेनॅक असं एकत्र आलं तर परिणाम गंभीर होऊ शकतो.

अंतर किती?

मुंबईतल्या ‘ड्रीम रन’चं अंतर सुमारे सहा किलोमीटर आहे. तिथे निम्मे लोक चालत, गप्पा मारत, फलक नाचवत जातात. उपचारांनंतरच्या पहिल्या वर्षी माझं मत निःसंकोच तिच्याच बाजूने आहे. दुसऱ्या वर्षी दहा किलोमीटर. अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरच्या थोडं वर, त्यानंतर. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावलेले कर्करोगमुक्त लोक आहेत, पण त्यांतले बहुतेक आजाराआधीपासूनचे धावपटू असतात, ही गोष्ट त्यांच्या मुलाखतींत ओझरतीच येते. स्त्रियांसाठी २०१२ पासून होणाऱ्या पिंकेथॉनमध्ये तीन किलोमीटरपासून सुरुवात करता येते, आणि स्तनाच्या कर्करोगाबद्दलची जागृती हा तिचा एक मुख्य हेतू आहे. साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन देखणी आहे, पण यवतेश्वराचा घाट हे पहिल्या शर्यतीचं ठिकाण नव्हे.

प्रेरणेसाठी टेरी फॉक्सचं नाव सगळेच घेतात. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गमावलेला हा कॅनेडियन तरुण १२ एप्रिल १९८० ला देश ओलांडायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. फुप्फुसांत आजार परतल्यामुळे त्याला थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला. त्याने उभ्या केलेल्या निधीला आणि धैर्याला तोड नाही. पण वाटेत नियमित तपासण्या करून घ्यायचा सल्ला त्याने धुडकावला होता, हेही सांगायला हवं. सरावाचा आदर्श म्हणून मला फ्रेड लेबो जवळचे वाटतात. न्यूयॉर्क मॅरेथॉन उभी करणारा हा माणूस, मेंदूच्या कर्करोगावरचे उपचार झाल्यावर, १९९२ मध्ये साठाव्या वर्षी तीच मॅरेथॉन धावला. सोबत होती ती शर्यत नऊ वेळा जिंकलेली ग्रेटे वाइट्झ, त्याच्या गतीने धावत. वेळ लागला साडेपाच तासांच्या थोडा वर.

पैसे कसे उभे राहतात

मुंबई मॅरेथॉनमध्ये देणग्यांचं काम अनेक वर्षं ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था बघते. नोंदणीकृत संस्थांच्या यादीतून एक निवडायची, तिच्यासाठी देणगीचं आवाहन करायचं, आणि पैसे थेट संस्थेकडे जातात. काही संस्थांकडे त्यांच्या वाट्याचे बिबही (छातीवर लावायचे शर्यतीचे क्रमांक) असतात.

संस्था निवडताना आपल्याला नेमकं कशाने तारलं ते आठवावं. १९५१ पासून काम करणारी इंडियन कॅन्सर सोसायटी आहे, १९६९ पासूनची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आहे. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून आलेल्या लहान मुलांना आईवडिलांसह राहायला जागा देणारी सेंट ज्यूड आहे. उपचार फुकट मिळाले तरी मुंबईत चार महिने राहायचं कुठे, हा प्रश्न विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाला औषधांइतकाच छळतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

आवाहन लिहिताना आजाराचं रसभरीत वर्णन टाळा. एका कुटुंबाच्या महिनाभराच्या निवाऱ्याला किती खर्च येतो, हा संस्थेकडून घेतलेला आकडा जास्त काम करतो. देणगीदारांना हेही सांगा की ८०जीची करसवलत फक्त जुनी करप्रणाली निवडलेल्यांना मिळते, आणि दोन हजारांच्या वर रोख दिली तर मिळत नाही. आणि आधीच कळवून ठेवा की तब्येतीमुळे धावता आलं नाही तरी देणगी संस्थेकडेच राहील. असं लिहिलेलं असलं की ऐनवेळी माघार घेणं सोपं जातं.

शर्यतीचा दिवस आणि नंतरचा आठवडा

बिबच्या मागच्या बाजूला आजार, चालू औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचा नंबर लिहा. ज्या हाताला सूज आहे त्या हातावर ‘सुई नको, बीपी नको’ असं पेनने लिहिलेलं असलं तर वैद्यकीय मदत कक्षातल्या मुलांचा गोंधळ होत नाही. सुरुवातीच्या रेटारेटीत मागे उभं राहा. अर्धमॅरेथॉनच्या मार्गात पेडर रोडसारखा भल्याभल्यांचा दम काढणारा चढ आला तर तो चालतच चढा.

नंतरच्या आठवड्यात फॉलो-अपची रक्ततपासणी येत असेल तर ती पुढे ढकला, किंवा निदान डॉक्टरांना शर्यतीबद्दल सांगा. लांब धावल्यावर स्नायूंतून सीपीके आणि एसजीओटी रक्तात उतरतात, आणि कागदावर यकृत बिघडल्यासारखं दिसतं. पेट स्कॅनच्या आधीही एक-दोन दिवस धावणं बंद ठेवायला सांगतात, कारण थकलेले स्नायू साखर ओढून घेतात आणि चित्रात नको तिथे उजळतात. तारीख घेतानाच खिडकीवरच्या माणसाला विचारून ठेवा.